झाकणावर नौका, डब्यात चाकं: १/७२ कॅटालिना किटचं परीक्षण

डब्याच्या झाकणावर हिंदी महासागरावरून जाणारी ब्रिटिश कॅटालिना, दुसऱ्या महायुद्धातली उडती नौका, रंगवली आहे. अंगावर ‘क्यूएल’ आणि ‘ए’ ही अक्षरं, खाली निळं पाणी, क्षितिजावर बारीक काळे ठिपके. जाणकाराला लगेच कळतं की हे ४१३ कॅनेडियन स्क्वाड्रनचं एजे१५५, म्हणजे ४ एप्रिल १९४२ ला गस्तीवर गेलेलं आणि परत न आलेलं विमान. डबा उघडला की निघतं मात्र पीबीवाय-५ए चं प्लास्टिक. ही कॅटालिनाची उभयचर आवृत्ती, दोन्ही कुशींत चाकं ओढून घेणारी आणि धावपट्टीवरही उतरणारी. एजे१५५ ला चाकं नव्हतीच. ती निव्वळ नौका, पाण्यावर उतरायची आणि पाण्यावरूनच उडायची.

कंपनीचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. या धंद्यात एकाच साच्याचं प्लास्टिक चार वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून फिरतं, त्यामुळे नावावर जाण्यापेक्षा डब्याच्या बाजूला छापलेलं भागांचं चित्र बघा. त्यात मोठी दोन चाकं, नाकाखालचं एक चाक आणि हलच्या, म्हणजे नौकेसारख्या धडाच्या, दोन्ही अंगांना गोल खड्डे दिसले, तर हे परीक्षण तुमच्या डब्याला लागू आहे. किंमत साडेतीन हजारांच्या घरात. घ्यावं का? आकार अचूक आहे, माप बरोबर बसतं, तेव्हा घ्यावं. झाकणावरचं विमान हवं असेल तर दोन रविवार जास्तीचे धरावे. चाकांसकट तसंच जोडून वर ‘क्यूएल-ए’ चिकटवणं म्हणजे गणपतीच्या मूर्तीला मारुतीची शेपटी लावणं.

आधी मापं. खऱ्या कॅटालिनाचा पंख १०४ फुटांचा, म्हणजे ३१.७० मीटर. १/७२ ला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाला, ४४ सें.मी. हवा आणि किटमध्ये तो तेवढाच भरतो. लांबी २७ सें.मी., तीही बरोबर. प्रोपेलर तीन पात्यांचा, खऱ्यात सुमारे १२ फुटी, इथे ५ सें.मी. धरा. पंख हलच्या वर एका जाड खांबावर बसवलेला असतो आणि त्या खांबातच फ्लाइट इंजिनिअरची जागा, बाजूला छोट्या खिडक्या. हा खांब म्हणजे कॅटालिनाची मानच. किटमध्ये तो थोडा बारीक वाटतो खरा, पण पंख बसल्यावर खटकत नाही.

आता मुख्य काम, चाकांचे खड्डे बुजवणं. सूचनापत्रकात याबद्दल एक ओळही नाही.

हलचे दोन अर्धे चिकटवण्याआधीच हे करायचं. एकदा हल बंद झाली की आतून आधार देता येत नाही, आणि आधाराशिवाय नुसती पुट्टी भरली तर ती महिन्याभरात आकसून गोल खळगा पुन्हा वर येतो. १ मि.मी. प्लास्टिक शीटची चकती खड्ड्यापेक्षा चारी बाजूंनी ३ मि.मी. मोठी कापा आणि आतल्या अंगाने पातळ प्लास्टिक सिमेंटने चिकटवा. हलची बाजू सपाट नाही, तिला हलकासा फुगवटा आहे. म्हणून चकती आधी गरम पाण्यात बुडवून बोटाने वाकवून घ्यावी. मग बाहेरून खड्ड्याच्या मापाची दुसरी चकती बसवा. व्यास कॅलिपरने मोजा, डोळ्याने नको. चाकाच्या वर पायाच्या सांध्यासाठी कोनाडा सोडलेला असतो, तो बहुतेक जण विसरतात आणि रंग झाल्यावर तिथेच सावली दिसते. त्याला वेगळा तुकडा लागतो.

भरायला काय वापरायचं, यावर दुकानात चुकीचा सल्ला मिळतो. नळाच्या गळतीला लावतात ती दोन भागांची पुट्टी दाणेदार असते, घासताना तिचे टवके उडतात. डेंटिंगवाल्याकडे दोन प्रकार मिळतात. ट्यूबमधली एकपदरी पुट्टी थिनर उडून सुकते, जाड थराला आकसते आणि तिचा थिनर प्लास्टिकही मऊ करतो. हार्डनर मिसळायची पॉलिएस्टर पुट्टी मागा, ती आकसत नाही आणि वीस मिनिटांत घासायला तयार होते. मिसळताना हार्डनर जास्त झाला तर ती चाकूवरच गोठते. वाटाण्याएवढ्या पुट्टीला मोहरीएवढा हार्डनर पुरतो. घासायला पाण्यातला पॉलिश पेपर घ्या, ग्वाल्हेरच्या बाड्यावर, म्हणजे बाजारात, मागताना ‘पानी वाला रेगमाल’ म्हणा. आधी ४००, मग ६००, मग १०००. रंगाआधी करड्या प्रायमरचा एक हात मारून बल्बखाली तिरक्या उजेडात बघा. खड्ड्याची कड दिसली तर परत.

नाकाखालचा चाककोष सोपा. दोन झडपा बंद स्थितीत चिकटवायच्या, फटी भरायच्या आणि आतली पेटी फेकून द्यायची. पेटी गेल्यामुळे कॉकपिटखाली जागा मोकळी होते, ती पुढे उपयोगी पडते.

सूचनापत्रक नाकात वजन भरायला सांगतं, कारण चाकांवर उभं केलेलं हे मॉडेल शेपटीवर बसतं. तुम्ही नौका करत असाल तर हे वजन घालूच नका. नौका किनाऱ्यावर ओढायला बाहेरून पाय लावतात, बाजूंना दोन आणि शेपटीखाली एक, त्यामुळे ती मागे कलंडत नाही. काठीवर उडती ठेवली तर पुढचं वजन उलट त्रासाचं, काठीवरच ती नाक खाली घालते. डब्यात हे ओढपाय नाहीत, आणि आमच्या मते ही या किटची सगळ्यात मोठी उणीव आहे. चाकांचंच विमान करणाऱ्याने मात्र शिसं भरावं. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं फुकट मिळतात, त्यांचे तुकडे कॉकपिटच्या पुढे गच्च बसवा.

हलच्या तळाला मधोमध एक पायरी आहे. ती शोभेची नाही. उडताना वेग वाढला की पाणी या पायरीपाशी हलपासून सुटतं आणि मागे हवा शिरते. ती नसती तर पाण्याने तळ चिकटून धरला असता आणि विमान सुटलं नसतं. म्हणून मॉडेलमध्ये या पायरीची कड चाकूसारखी टोकदार राहिली पाहिजे. हलचा खालचा जोड घासताना पेपर थेट पायरीवरून फिरवला की कड गोल होते, आणि मग तिला पुन्हा धार आणणं जिकिरीचं. पायरीवर मास्किंग टेपचे दोन थर लावून पुढचा भाग वेगळा घासा, मागचा वेगळा.

पंखाचा मागचा भाग खऱ्या विमानात कापडाने मढवलेला होता, पुढचा धातूचा. साच्यात हा फरक दाखवलाय, पण कापडाखालच्या फासळ्या इतक्या उठावदार की उपाशी गुरांच्या बरगड्यांसारख्या दिसतात. ६०० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. पार सपाट करू नका, बोटाला लागाव्यात पण डोळ्यात भरू नयेत.

पंखाखालचे चार तिरके टेकू हा दुसरा अडचणीचा भाग. पंख आधी खांबावर चिकटवून सुकल्यावर टेकू बसवायला गेलात तर एका बाजूचे टेकू हमखास आखूड पडतात. सगळं कोरडं जुळवून, दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या पुस्तकांची थप्पी ठेवून, मग टेकूंच्या टोकांना आणि खांबाला एकाच वेळी सिमेंट सोडा. रात्रभर हात लावू नका. पंखाच्या टोकांचे तरंगे उडताना वर दुमडून पंखाचं टोक बनतात, ही कॅटालिनाची खासियत. किटमध्ये वर आणि खाली दोन्ही पर्याय आहेत. गस्तीवरचं विमान करायचं तर वर. मात्र वर दुमडल्यावर जोडाला अर्ध्या मि.मी.ची फट राहते, तिथे प्लास्टिक शीटची पट्टी घाला.

काचेचे भाग चांगले आहेत. मागच्या दोन फुगीर ब्लिस्टर खिडक्या स्वच्छ, आतून वाकडंतिकडं दिसत नाही. त्या चिकटवायला फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते आणि ती धुतली जात नाही. फेविकॉलच बरा, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापडाने निघतो. ब्रिटिश कॅटालिनांच्या ब्लिस्टरमध्ये .३०३ च्या बंदुका असत. किटमधल्या बंदुका अमेरिकन पद्धतीच्या जाड नळीच्या, त्या बदलाव्या लागतात.

आता मूळ प्रसंग, कारण रंग आणि खुणा त्यावरूनच ठरतात. ४१३ स्क्वाड्रन शेटलंडच्या सलम व्हो तळावरून सिलोनच्या कोग्गलाला नुकतंच आलं होतं. स्क्वाड्रन लीडर लेनर्ड बर्चल २ एप्रिलला पोचला आणि ४ तारखेला पहाटेच गस्तीवर निघाला. दुपारी परतायच्या सुमारास सिलोनच्या दक्षिण-आग्नेयेला साडेतीनशे-चारशे मैलांवर ठिपके दिसले. जवळ जाऊन मोजले तर जपानी अ‍ॅडमिरल नागुमोचा ताफा, पाच विमानवाहू जहाजांचा. रेडिओवरून संदेश सुटत असतानाच जपानी झीरो लढाऊ विमानांनी गाठलं. नऊ जणांपैकी तिघं गेले, सहा जणांना जपानी विनाशिकेने पाण्यातून उचलून कैदी केलं. संदेश मात्र कोलंबोला पोचला होता, आणि दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलच्या ईस्टर रविवारी हल्ला आला तेव्हा बंदर बेसावध नव्हतं.

यावरून रंगाबद्दल दोन गोष्टी निघतात. पहिली, डब्याचं पत्रक उन्हाने विटलेली, पांढुरकी कॅटालिना दाखवतं. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या धुक्यातून आलेलं पथक, विषुववृत्ताच्या उन्हात जेमतेम दोन-तीन दिवस. एवढ्यात रंग विटत नाही. वर अतिगडद समुद्री राखाडी आणि गडद स्लेट करडा, खाली फिकट ‘स्काय’, ही त्या काळची ठरलेली समुद्री रंगसंगती स्वच्छ द्या. इंजिनामागे धुराचे काळे पट्टे आणि हलच्या पाणरेषेवर हलका मळ एवढंच पुरे.

दुसरी गोष्ट खुणांची, आणि इथे डेकल शीट, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांचा कागद, सपशेल चुकली आहे. शेपटीवरच्या पट्ट्यांत मधली पांढरी पट्टी बारीक दिली आहे. ती बारीक पट्टी १९४२ च्या मध्यावर आलेल्या नव्या नियमाची, जिथे २४ इंचांत ११ लाल, २ पांढरी, ११ निळी अशी वाटणी होती. एप्रिलमध्ये तिन्ही पट्ट्या सारख्या ८ इंची, उंची २७ इंच. १/७२ ला प्रत्येक पट्टी २.८ मि.मी. रुंद आणि साडेनऊ मि.मी. उंच होते. टेप लावून रंगवणंच सोपं, डेकल शोधत बसू नका. अंगावरच्या गोल खुणेचंही तसंच, बाहेरचं पिवळं कडं रुंद हवं. आणि मधला लाल ठिपका हवाच. इकडच्या आघाडीवर जपानी खुणेशी गल्लत होऊ नये म्हणून लाल काढून टाकला तो नंतर. ‘पूर्वेकडचं विमान म्हणजे लाल नाही’ असं पाठ केलेले लोक इथेच फसतात.

डेकल स्वतः पातळ आहेत, पण जुन्या साठ्यातल्या डब्यात ते पिवळे पडलेले निघतात. पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, ग्वाल्हेरच्या मार्चच्या उन्हात चार दिवसांत पांढरे होतात. पाण्यात सोडण्याआधी वर क्लिअर लॅकरचा एक हात मारा, नाहीतर तुकडे होतात. पाणीही बोअरचं नको. सुकल्यावर डेकलच्या कडेने चुन्याची पांढरी रेघ उठते. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी घ्या.

हवेचं एक सांगायला हवं, कारण पत्रकं लिहिणाऱ्यांनी आपला मे महिना पाहिलेला नाही. ४४-४५ अंशांत अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशमधून निघून प्लास्टिकवर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. लू चालू असताना रंगवूच नये. पहाटे सहाच्या आत उरकावं आणि रंगात सुकणं लांबवणारं रिटार्डर काही थेंब घालावं. पावसाळ्यात उलट त्रास, लॅकरवर पांढरी धुरकट झाक चढते. आणि अर्धवट मॉडेल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ४४ सें.मी.चा पंख केळीच्या पानासारखा लवतो.

किटमध्ये माणसं दोनच, वैमानिक आणि सहवैमानिक. विमानात नऊ जण होते. बाहेरून दिसतील असे नाकातला एक, कॉकपिटमधले दोन आणि ब्लिस्टरपाशी दोन, म्हणजे निदान तीन पुतळ्या जास्तीच्या लागतात. रेडिओवाला कॉकपिटच्या मागे आतल्या कप्प्यात बसे, तो बाहेरून दिसत नाही. ज्याच्या बोटांवरून तो संदेश गेला त्याची जागा मॉडेलमध्ये झाकली जाते. तरी त्याचं टेबल आणि पेटी प्लास्टिकच्या तुकड्यांची करून आत बसवा. नाकातली पेटी काढल्याने जागा आहेच.

हेच बदल केलेलं प्लास्टिक आणखी तीन हरवलेल्या विमानांना चालतं, फक्त अक्षरं बदलायची. ७ डिसेंबर १९४१ ला सियामच्या आखातावर पाडलेलं २०५ स्क्वाड्रनचं डब्ल्यू८४१७, फ्लाइंग ऑफिसर बेडेलचं. त्यातले आठही जण गेले, आणि जपानशी युद्ध जाहीर व्हायच्या आधीच गेले. दुसरं त्याच २०५ स्क्वाड्रनचं, फ्लाइट लेफ्टनंट ग्रॅहमचं. बर्चल पडल्यावर रात्रभर ताफ्याच्या मागावर राहून ते ५ एप्रिलला नाहीसं झालं. तिसरं ४१३ चंच, फ्लाइट लेफ्टनंट थॉमसचं. ९ एप्रिलला त्रिंकोमालीच्या हल्ल्याच्या दिवशी ताफा दिसल्याचा संदेश अर्धवट तुटला. या शेवटच्या दोन्हींतलं कुणी परतलं नाही. बर्चलचं नाव ‘सिलोनचा तारणहार’ म्हणून राहिलं, बाकीच्यांचे डेकल कुणी छापत नाही. अक्षरांची सुटी शीट वेगळी घ्यावी लागते.

आपल्याकडे मॉडेल म्हटलं की महाराजपुऱ्याच्या हवाई दल तळाच्या कृपेने मिराज २००० एवढंच दुकानदाराला माहीत. उडत्या नौका ग्वाल्हेरला परक्या नाहीत, युद्धाआधी इम्पीरियल एअरवेजच्या मोठ्या शॉर्ट एम्पायर नौका कराचीहून कलकत्त्याला जाताना राजसमंदनंतर इथे माधो सागरावर उतरत. त्याच घराण्यातली सैनिकी बहीण म्हणजे सुंदरलँड. तिचं १/७२ चं किट मागितलं तर ‘मंगवा देंगे’ असं उत्तर मिळतं, पण कॅटालिना निदान मागवल्यावर येते. डबा घेताना तिथेच उघडून काचेचे भाग आणि पंखाची सरळ बाजू बघा. पंख टेबलावर पालथा ठेवून मधोमध पोस्टकार्ड सरकतंय का ते तपासा. सरकलं तर दुसरा डबा मागा. घरी आणून गरम पाण्याने सरळ करता येतो, पण पैसे देऊन ते काम विकत का घ्यावं?

मांडणीसाठी काठी लावायची तर तिचं भोक हल बंद करण्याआधी पाडा, पायरीच्या जरा पुढे, पंखाच्या मध्याखाली. ६ मि.मी. अ‍ॅक्रिलिक काठी, आत पितळी नट पॉलिएस्टर पुट्टीत गाडलेला. प्रोपेलर फिरते दाखवायचे तर पाती कापून त्या जागी ५ सें.मी. व्यासाची पारदर्शक फिल्मची चकती, ओएचपी शीटची. एरियलची तार स्प्रू, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात ती प्लास्टिकची काडी, मेणबत्तीवर तापवून ओढलेली, केसाएवढी. ही सगळ्यात शेवटी लावा, कारण पुसताना तीच आधी तुटते. आणि वर अ‍ॅक्रिलिकची पेटी हवीच, आतून ५० बाय ३२ आणि उंचीला २० सें.मी. एप्रिलमध्ये एक आंधी आली की उघड्या मॉडेलच्या स्लेट करड्या पंखावर बोटाने नाव लिहिता येतं.